‘प्लॅनेट ऑफ द एप्स’चे पाच चित्रपट मिळून कसे पाहावेत?

जुन्या विज्ञानपटांच्या मालिकांपैकी चार जणांनी मिळून पाहावी आणि नंतर तास-दोन तास वाद घालावा अशी मालिका कोणती, असे विचारले तर माझे उत्तर ठरलेले आहे: ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’चे मूळचे पाच चित्रपट. निर्माते आर्थर पी. जेकब्ज यांनी ते ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्ससाठी काढले आणि १९६८ ते १९७३ या काळात ते एकामागोमाग एक प्रदर्शित झाले. पाच भागांची कथा आधीच रचून ठेवलेली नव्हती. यातला जवळपास प्रत्येक चित्रपट असा संपतो की यापुढे काही निघूच शकत नाही असे वाटावे, आणि मग पुढच्या चित्रपटाच्या लेखकाला त्या कोंडीतून वाट काढावी लागते. ती वाट पटते का, तिच्यामुळे आधी पाहिलेल्याचा अर्थ बदलतो का, आणि बदलत असेल तर तो बदल आपल्याला मान्य आहे का, हा या मालिकेवरच्या चर्चेचा गाभा आहे. म्हणूनच ही मालिका एकट्याने सलग पाहून संपवण्यापेक्षा मंडळी जमवून, मध्ये अंतर ठेवून पाहण्यात अधिक आनंद आहे.

प्रस्तुत लेख अशी मंडळी जमवू पाहणाऱ्या आणि ही मालिका पूर्वी न पाहिलेल्या वाचकांसाठी आहे. पहिले तीन भाग तयारीविषयी असून ते आधी वाचण्यास हरकत नाही. त्यापुढचा प्रत्येक भाग तो तो चित्रपट पाहून झाल्यावरच वाचावा, कारण त्यात शेवटाची चर्चा केलेली आहे.

क्रम आणि वेळापत्रक

पाच चित्रपटांचा क्रम असा आहे: ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ (१९६८), ‘बिनीथ द प्लॅनेट ऑफ द एप्स’ (१९७०), ‘एस्केप फ्रॉम द प्लॅनेट ऑफ द एप्स’ (१९७१), ‘कॉन्क्वेस्ट ऑफ द प्लॅनेट ऑफ द एप्स’ (१९७२) आणि ‘बॅटल फॉर द प्लॅनेट ऑफ द एप्स’ (१९७३). पाहण्याचा क्रमही हाच ठेवावा. कथेतल्या काळानुसार क्रम लावण्याची सूचना कोणी ना कोणी करतोच, कारण कथेत काळाची उलटापालट आहे. परंतु तसे केल्यास पहिल्या चित्रपटातले रहस्य पडद्यावर येण्याआधीच उघड होते आणि बाकीच्या चित्रपटांची ती गमतीदार कोंडी उरतच नाही. या एका बाबतीत मंडळींचे मत न घेता संयोजकाने आपला निर्णय सांगून टाकावा.

पाचही चित्रपटांची एकत्रित लांबी सुमारे आठ तास भरते. पहिला ११२ मिनिटांचा आहे आणि बाकीचे दीड तासाच्या आसपास आहेत. १९७४ मध्ये स्वतः फॉक्सनेच हे पाचही चित्रपट एकाच खेळात लावले होते, त्यामुळे दिवसभराच्या बैठकीला तशी परंपरा आहे. तरीही नवख्यांनी तो मोह टाळावा. आठवड्याला एक चित्रपट हे प्रमाण उत्तम. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खंड पडला तर दुवे विसरले जातात आणि पुढची संध्याकाळ मागचे आठवण्यातच जाते.

मंडळी वेगवेगळ्या देशांत असतील तर वेळ ठरवताना थोडा हिशेब करावा लागतो. पुण्यात शनिवारी रात्री साडेआठला चित्रपट सुरू केला तर उन्हाळ्यात लंडनमध्ये दुपारचे चार आणि न्यू जर्सीत सकाळचे अकरा वाजलेले असतात. हिवाळ्यात तिकडची घड्याळे बदलल्यावर तीच वेळ अनुक्रमे दुपारी तीन आणि सकाळी दहा अशी होते. ही वेळ तिन्ही ठिकाणी सोयीची असल्याने कायम ठेवावी आणि दर वेळी नव्याने मतदान घेत बसू नये.

मंडळी, पडदा आणि आवाज

सहा ते आठ जण पुरेसे होतात. त्याहून कमी असतील तर मतभेदच होत नाहीत, आणि दहाच्या वर गेले की चर्चेचे दोन-तीन तुकडे पडतात. ज्याने मालिका आधी पाहिली आहे असा एक जण सोबत असावा. मात्र त्याच्याकडून गुपित न फोडण्याचे वचन स्पष्ट शब्दांत घ्यावे. हे वचन तोंडापुरते राहू नये. ‘आता बघा हं’ असे म्हणणे, ठरावीक प्रसंगाआधी खुर्चीत सावरून बसणे, नवख्या माणसाच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहणे, ही सगळी गुपिते फोडण्याचीच रूपे आहेत.

यापेक्षा मोठा धोका मात्र जाहिरातीचा. पहिल्या चित्रपटाच्या डीव्हीडी-ब्लू-रेच्या अनेक वेष्टनांवर त्याचा शेवट सरळ छापलेला आहे, आणि इंटरनेटवर नुसते नाव शोधले तरी तेच चित्र पुढे येते. संयोजकाने वेष्टन आधीच बाजूला काढून ठेवावे, ऑनलाइन पाहायचे असल्यास चित्रपट स्वतःच्या हाताने सुरू करून मगच पडदा सर्वांना दाखवावा, आणि निमंत्रणाच्या संदेशात कोणतेही छायाचित्र जोडू नये. हा खटाटोप कोणाला अतिरेक वाटेल. पण अर्धशतकाहून अधिक काळ लोटल्यावरही ज्याला शेवट ठाऊक नाही असा प्रेक्षक मिळणे हे भाग्य आहे, आणि ते एका वेष्टनापायी घालवू नये.

पाचही चित्रपट रुंद चौकटीत चित्रित झालेले आहेत, त्यामुळे आजच्या टीव्हीवर वर-खाली काळ्या पट्ट्या दिसतील. त्या घालवण्यासाठी चित्र ताणू किंवा मोठे करू नये, कारण तसे केल्यास कडेला उभी असलेली पात्रे कापली जातात. टीव्हीतली हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करावी. ती चालू राहिली की रंगभूषेतले वानर एखाद्या दैनंदिन मालिकेतल्यासारखे दिसू लागतात. इंग्रजी सबटायटल चालू ठेवण्यात कमीपणा मानू नये. रबरी मुखावरणाआडून बोललेले संवाद काही ठिकाणी दबके आहेत आणि वादाचे मुद्दे बऱ्याचदा एखाद्या वाक्यावर अडतात.

घरच्या मंडळींपुरते पाहणे वेगळे आणि सोसायटीच्या सभागृहात किंवा वाचनालयात फलक लावून दाखवणे वेगळे. दुसऱ्या प्रकारासाठी हक्कधारकांची परवानगी लागते. फॉक्सचा चित्रपट व्यवसाय २०१९ पासून डिस्नेकडे आहे, हे चौकशी करताना लक्षात असू द्यावे.

मुलांना सोबत घ्यावे का, हा प्रश्न येतोच. अमेरिकेत पहिल्या चित्रपटाला सर्वांसाठी योग्य असे प्रमाणपत्र मिळाले होते, पण त्या काळच्या त्या शिक्क्यावर आज विसंबू नये. माणसांची शिकार, पेंढा भरून मांडलेले मानवी देह, थोडीशी नग्नता असे बरेच काही त्यात आहे. दुसऱ्याचा शेवट आणि चौथ्यातला हिंसाचार त्याहून जड आहे. बारा-तेरा वर्षांच्या वरच्या मुलांनी पालकांसह पाहावे असे मला वाटते.

पहिली संध्याकाळ

अंतराळवीर टेलर (चार्ल्टन हेस्टन) आणि त्याचे दोन सोबती एका अनोळखी ग्रहावर उतरतात, एवढेच नवख्यांना सांगावे. त्यानंतरचा जवळजवळ अर्धा तास वाळवंटातल्या पायपिटीत जातो आणि एकही वानर दिसत नाही. याच सुमारास कोणीतरी मोबाइल उघडतो. तेव्हा आधीच सांगून ठेवावे की हा अर्धा तास दिग्दर्शक फ्रँकलिन शॅफनर यांनी हेतुपूर्वक लांबवला आहे, आणि त्यात दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. एक म्हणजे, सोबती खडकाळ जमिनीत अमेरिकेचा इवलासा झेंडा रोवतो तेव्हा टेलर ज्या पद्धतीने हसतो ते हसू. दुसरे म्हणजे जेरी गोल्डस्मिथ यांचे संगीत. त्यात ओळखीची सुरावट जवळजवळ नाहीच. स्वयंपाकघरातली पोलादी भांडी तालवाद्य म्हणून वाजवलेली आहेत आणि शिकारीच्या प्रसंगी मेंढ्याच्या शिंगाचा कर्कश ध्वनी येतो. या संगीताला ऑस्करचे नामांकन मिळाले होते.

चित्रपट चालू असताना तो एकदाच थांबवावा, तेही टेलर प्रथम बोलतो त्या प्रसंगानंतर. दूरवरून जोडलेल्या मंडळींनी तीनपासून उलटे मोजून एकाच वेळी सुरुवात करावी, आपापला मायक्रोफोन बंद ठेवावा, आणि शेवटची पंधरा मिनिटे लेखी शेरेही थांबवावेत, कारण एखाद्याकडचा चित्रपट दहा सेकंद पुढे असतो आणि त्याच्या ‘अरे देवा!’ने बाकीच्यांची गंमत जाते. शेवट झाल्यावर दिवा लावण्याची घाई करू नये. श्रेयनामावलीवर संगीत नाही, फक्त लाटांचा आवाज आहे, आणि तो शेवटपर्यंत ऐकायचा आहे.

पहिल्या चित्रपटानंतर

स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचा तो प्रसंग पाहिल्यावर पहिली दहा मिनिटे मंडळींना मोकळे बोलू द्यावे. ‘मला आधीच कळले होते’ म्हणणारा एक जण प्रत्येक घरात असतो. त्याला कुठल्या खुणेवरून कळले ते विचारावे, कारण खुणा खरोखरच पेरलेल्या आहेत. वानर इंग्रजी बोलतात हे टेलरला एकदाही चमत्कारिक वाटत नाही, आणि आपण प्रेक्षकही इंग्रजी चित्रपट म्हणून ते चालवून घेतो. गुहेतल्या उत्खननात सापडलेली बोलकी बाहुली ही दुसरी खूण. मूळ फ्रेंच कादंबरी पिअर बूल यांची, १९६३ सालची. तिचा शेवट निराळा आहे, आणि कोणाला वाचायची असल्यास त्या शेवटाविषयीही मौन पाळावे.

नंतर चर्चा न्यायासनाच्या प्रसंगावर आणावी, कारण अख्ख्या मालिकेचे बीज तिथे आहे. टेलरला बोलण्याचा अधिकारच नाही, कारण वानरांच्या कायद्यात माणसाला अधिकार नाहीत. डॉ. झेअस हा ओरांगउटान विज्ञानमंत्रीही आहे आणि श्रद्धेचा मुख्य रक्षकही आहे. ही दोन पदे एकाच माणसाकडे, म्हणजे एकाच वानराकडे असणे हा सगळ्या चित्रपटातला सर्वांत बोचरा विनोद म्हणावा लागेल. उत्क्रांती शिकवल्याबद्दल १९२५ मध्ये टेनेसी राज्यात एका शिक्षकावर चाललेला खटला अमेरिकी प्रेक्षकांना इथे सहज आठवत होता, आणि तो कायदा त्या राज्याने रद्द केला तो १९६७ मध्ये, म्हणजे चित्रपट येण्याच्या जेमतेम एक वर्ष आधी.

या प्रसंगामागे आणखी एक धागा आहे. पटकथा रॉड सर्लिंग आणि मायकेल विल्सन यांच्या नावावर आहे. विल्सन हे कम्युनिस्टविरोधी चौकशीच्या काळात हॉलिवूडच्या काळ्या यादीत गेलेले लेखक. पिअर बूल यांच्याच क्वाय नदीवरील पुलाच्या कादंबरीवरून निघालेल्या १९५७ च्या चित्रपटाची पटकथा विल्सन आणि कार्ल फोरमन यांनी लिहिली होती. पण दोघेही काळ्या यादीत असल्यामुळे पडद्यावर नाव लागले ते बूल यांचे, आणि ऑस्करही त्यांनाच मिळाले. अकादमीने ही चूक पुढे कित्येक वर्षांनी दुरुस्त केली. चौकशी समितीसमोर ज्याची बोलती बंद होते अशा माणसाचा प्रसंग लिहिणाऱ्याला तो अनुभव ऐकीव नव्हता, एवढे लक्षात घेऊन ते दृश्य पुन्हा एकदा लावून पाहावे. तीन न्यायाधीश डोळे, कान आणि तोंड झाकून बसल्यासारखे दिसतात ती चौकट आपल्याकडे गांधीजींच्या तीन माकडांमुळे ताबडतोब ओळखली जाते. समीक्षकांपैकी काहींना हा विनोद ढोबळ वाटला, आणि तसे मानायला जागाही आहे.

मराठी घरात या टप्प्यावर एक मुद्दा हमखास निघतो. ओरांगउटान राज्यकारभार आणि धर्म पाहतात, चिंपांझी संशोधन करतात, गोरिला सैनिक आणि राबणारे आहेत. मग ही जातिव्यवस्थाच नव्हे का? मुद्दा चुकीचा नाही आणि तो दाबूही नये, पण संयोजकाने तो थोडा पुढे ढकलावा. १९६८ च्या अमेरिकेत कृष्णवर्णीयांचा नागरी हक्कांचा लढा आणि व्हिएतनामचे युद्ध हे दोन विषय घराघरांत होते. चित्रपट देशभर लागला आणि त्याच आठवड्यात मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. प्रथम तो संदर्भ समजून घ्यावा आणि मगच आपल्याकडची तुलना करावी, नाहीतर चर्चा पहिल्या पाच मिनिटांत पडद्यावरून उठून आपल्या नेहमीच्या वादांत जाऊन बसते. चित्रीकरणाच्या वेळची एक गोष्ट मात्र इथे जरूर सांगावी. जेवणाच्या सुट्टीत रंगभूषेतले कलाकार कोणी न सांगता आपापल्या जातीसोबत बसत, चिंपांझी चिंपांझींबरोबर आणि गोरिला गोरिलांबरोबर, अशी आठवण हेस्टन यांच्यासह अनेकांनी सांगितली आहे.

रंगभूषेवर स्वतंत्रपणे बोलावे. जॉन चेंबर्स यांना तिच्यासाठी मानद ऑस्कर देण्यात आले, कारण रंगभूषेचा नियमित पुरस्कार तेव्हा नव्हताच. दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांसाठी कृत्रिम अवयव तयार करणे हा त्यांचा आधीचा व्यवसाय होता, आणि चेहऱ्याबरोबर हलणारे आवरण कसे बनवावे हे ज्ञान तिथून आले. (१९८० मध्ये इराणमधून अमेरिकी अधिकाऱ्यांना बाहेर काढण्यासाठी रचलेल्या खोट्या चित्रपट-कंपनीच्या बनावातही याच चेंबर्स यांचा हात होता, हा विषय निघाला की अर्धा तास गेलाच म्हणून समजावे.) कॉर्नेलियसची भूमिका करणारे रॉडी मॅकडोवल सतत नाक, गाल, ओठ किंचित हलवत राहतात, कारण चेहरा स्थिर राहिला तर तो मुखवटा वाटतो. मागच्या रांगेतल्या वानरांची तोंडे पाहिली की फरक कळतो. गर्दीतल्या अनेकांना नुसते ओढून घालायचे मुखवटे दिले होते.

दिवस संपण्याआधी एकच प्रश्न हात वर करून मतदानाला टाकावा: झेअसला सत्य माहीत होते, तर ते लपवण्यात तो चुकला का? मतांची नोंद वहीत करून ठेवावी. ती तिसऱ्या चित्रपटानंतर लागणार आहे.

दुसरा: अर्धा जुना, अर्धा अजब

टेड पोस्ट दिग्दर्शित या चित्रपटाचा पूर्वार्ध बहुतेकांना कंटाळवाणा वाटतो आणि तो तसा आहेही. हेस्टन थोड्याच दृश्यांपुरते यायला तयार झाले, म्हणून ब्रेंट नावाचा दुसरा अंतराळवीर आणून पहिलीच वाट त्याच्याकडून पुन्हा चालवली आहे. मॅकडोवलही यात नाहीत; कॉर्नेलियस डेव्हिड वॉटसन यांनी केला आहे, आणि फरक लगेच जाणवतो. टेलरच्या यानातले घड्याळ ३९७८ साल दाखवत होते आणि ब्रेंट मात्र ३९५५ म्हणतो. नवखी मंडळी ही तफावत पकडतात तेव्हा त्यांना शाबासकी द्यावी आणि तिचे स्पष्टीकरण शोधण्यात संध्याकाळ घालवू नये.

उत्तरार्ध मात्र विलक्षण आहे. गाडल्या गेलेल्या न्यूयॉर्कमध्ये, चर्चच्या वेदीवर ठेवलेल्या अणुबॉम्बची प्रार्थना करणारी माणसे पटकथाकार पॉल डेन यांनी उभी केली. डेन हे इंग्रज कवी होते आणि ख्रिस्ती उपासनेतल्या शब्दांत देवाच्या जागी बॉम्ब बसवण्याचे काम त्यांनी कवीच्या कानाने केले आहे. जनरल अर्ससच्या फौजेपुढे रस्त्यावर बसकण मारणारे तरुण चिंपांझी १९७० च्या प्रेक्षकाला कोठून आले हे सांगावे लागत नव्हते. चर्चेला एवढेच पुरे: शेवटी टेलर तो दांडा जाणूनबुजून दाबतो की मरताना त्याचा हात पडतो? दृश्य तीनदा लावले तरी मंडळींचे एकमत होत नाही.

तिसरा: माझ्या मते पहिल्याच्या तोडीचा

पृथ्वीच नष्ट झाल्यावर कथा पुढे नेण्यासाठी डेन यांनी ती मागे नेली. कॉर्नेलियस, झिरा आणि डॉ. मायलो हे तिघे टेलरच्या यानातून १९७३ सालच्या कॅलिफोर्नियात येऊन पडतात. तळ्यात बुडालेले ते यान वर काढले कोणी, दुरुस्त केले कसे, हे प्रश्न विचारून घ्यावेत आणि सोडून द्यावेत.

दिग्दर्शक डॉन टेलर यांनी पहिला तास जवळजवळ विनोदी ठेवला आहे. पत्रकार परिषदा, हॉटेलातली खोली, झिरासाठी कपड्यांची खरेदी, सगळे हसतखेळत चालते, आणि तेच चित्रपटाचे हत्यार आहे. मंडळी हसत असताना चौकशी आयोगाचा प्रसंग येतो. पहिल्या चित्रपटात वानरांच्या न्यायासनापुढे एक माणूस उभा होता. इथे माणसांच्या आयोगापुढे दोन वानर बसले आहेत. या दोन दृश्यांची चौकटीला चौकट लावून तुलना करणे हा अख्ख्या मालिकेतला सर्वांत फलदायी व्यायाम आहे, आणि त्यासाठी दोन्ही दृश्ये लागोपाठ पुन्हा पाहावीत. कोण बसले आहे, कोण उभे आहे, बोलण्याची परवानगी कोण देतो, श्रोते कधी हसतात, हे प्रत्येकाने टिपावे.

त्यानंतर वही उघडावी. डॉ. हॅसलाइन हा वैज्ञानिक आपल्या वंशाचे भविष्य वाचवण्यासाठी एका न जन्मलेल्या बाळाच्या जिवावर उठतो. झेअसनेही आपल्या वंशासाठीच सत्य दडवले होते आणि गुहा उडवून दिली होती. ज्यांनी तेव्हा झेअसच्या बाजूने हात वर केला, त्यांना हॅसलाइन का चालत नाही हे विचारावे. आणि ज्यांनी झेअसला दोषी ठरवले त्यांना विचारावे की पुढे मानवजात संपणार हे नक्की ठाऊक असते तर तुम्ही काय केले असते? राष्ट्राध्यक्ष त्याला हेरोद राजाची आठवण करून देतात. आपल्याकडे मात्र बाळांची अदलाबदल झाली की घरातल्या आजी ‘कंसाचीच गोष्ट ही’ म्हणून मोकळ्या होतात, आणि त्यांचे म्हणणे खोडून काढण्याजोगे नाही.

चौथा: कोणती प्रत पाहता ते तपासा

इथे संयोजकाला पूर्वतयारी करावी लागते, कारण ‘कॉन्क्वेस्ट’च्या दोन प्रती उपलब्ध आहेत. चाचणी खेळाला आलेल्या प्रेक्षकांना मूळ शेवट फार हिंसक वाटल्याने तो बदलण्यात आला. सीझरच्या जळजळीत भाषणानंतर दयेची भाषा जोडायची होती, पण नव्याने चित्रीकरण केलेले नव्हते; म्हणून आवाज नवा भरला आणि तो बोलताना ओठ दिसू नयेत यासाठी पडद्यावर त्याचे फक्त डोळे ठेवले. एकदा हे कळले की ती जागा डोळ्यांना खुपल्याशिवाय राहत नाही. मूळ स्वरूपाच्या जवळ जाणारी प्रत २००८ मध्ये ब्लू-रेवर आली. शक्य असेल तर प्रथम चित्रपटगृहातली प्रत पूर्ण पाहावी आणि नंतर दुसऱ्या प्रतीची शेवटची दहा मिनिटे लावावीत. मला स्वतःला मूळचा शेवट खरा वाटतो. जोडलेले भाषण हे स्टुडिओच्या दबावाखाली लिहिलेले माफीपत्र वाटते.

कथा १९९१ सालातली आहे. कुत्री-मांजरे रोगाने नष्ट झाल्यावर माणसांनी वानर पाळले आणि पुढे त्यांना गुलाम केले. दिग्दर्शक जे. ली थॉम्प्सन यांनी उठावाची दृश्ये लॉस एंजेलिसमधल्या वॉट्स भागात १९६५ मध्ये झालेल्या दंगलींच्या बातमीपटांसारखी रचली, आणि चित्रीकरण केले ते सेंच्युरी सिटीत, म्हणजे फॉक्सनेच विकलेल्या स्टुडिओच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या काँक्रीटच्या नव्या वस्तीत. मॅकडोवल इथे आपल्याच आधीच्या पात्राच्या मुलाची, सीझरची, भूमिका करतात. राज्यपालाचा कृष्णवर्णीय सहायक मॅकडोनल्ड आणि सीझर यांचा अखेरचा संवाद आता त्या राखून ठेवलेल्या जातीच्या मुद्द्याकडे नेतो. गुलामांच्या वंशजाने कोणाची बाजू घ्यावी, असा प्रश्न चित्रपट उघडपणे विचारतो, आणि महाराष्ट्रातल्या वाचकाला त्यावर बोलायला परक्या उदाहरणांची गरज पडू नये. ही चर्चा तापते. वेळेचे बंधन त्या दिवशी काढून टाकावे.

जाता जाता काळाचा हिशेबही करावा. तिसऱ्या चित्रपटात कॉर्नेलियसने वानरांच्या उठावाआधी काही शतके गेल्याचे सांगितले होते. इथे ते सगळे वीस वर्षांच्या आत घडते. म्हणजे त्यांच्या येण्याने इतिहास घाईला आला की निराळाच झाला?

पाचवा, आणि त्यानंतरचे

‘बॅटल’ हा पाचांतला सर्वांत कमजोर चित्रपट आहे. खर्च पहिल्या चित्रपटाच्या मानाने फारच कमी होता आणि अखेरची लढाई म्हणजे काही झाडे, थोडा धूर आणि एक शाळेची बस एवढ्यात आटोपते. तरीही तो वगळू नये, कारण काळाचा प्रश्न इथेच निकाली निघतो किंवा निघत नाही. हॅसलाइनने तिसऱ्या चित्रपटात काळाला असंख्य मार्गिका असलेल्या महामार्गाची उपमा दिली होती. इथे व्हर्जिल हा ओरांगउटान तीच कल्पना पुन्हा मांडतो. सुरुवात आणि शेवट २६७० सालातले आहेत, टेलर उतरण्याच्या तेराशे वर्षे आधीचे, आणि धर्मगुरूपुढे वानरांची व माणसांची मुले शेजारी शेजारी बसलेली आहेत. मंडळींचे दोन गट पाडावेत: भविष्य बदलले असे मानणारा एक आणि चक्र तसेच फिरणार असे मानणारा दुसरा. प्रत्येक गटाने पाचही चित्रपटांतले पुरावे द्यावेत, नुसती मते नकोत. सीझरच्या पुतळ्याच्या डोळ्यातून येणारा अश्रू दोन्ही गट आपल्या बाजूने ओढतात. लांब प्रत मिळाली तर तीच पाहावी, कारण दुसऱ्या चित्रपटातल्या बॉम्बचा दुवा जोडणारे दृश्य तिच्यातच आहे. माझा स्वतःचा कौल चक्राच्या बाजूने पडतो, त्या दृश्यामुळेच.

या पाचांनंतर १९७४ ची चौदा भागांची दूरदर्शन मालिका आणि १९७५ ची तेरा भागांची ॲनिमेशन मालिका आहे. त्या हौशी मंडळींनी सवडीने पाहाव्यात, एकत्र बसण्याची गरज नाही. टिम बर्टन यांचा २००१ चा चित्रपट खुशाल वगळावा. २०११, २०१४, २०१७ आणि २०२४ मध्ये आलेले चार चित्रपट मात्र नव्या फेरीसाठी राखून ठेवावेत, आणि ती फेरी महिनाभराच्या खंडानंतर सुरू करावी. २०११ च्या चित्रपटाआधी ‘कॉन्क्वेस्ट’चा शेवटचा अर्धा तास पुन्हा पाहणे उपयोगी पडते, कारण दोन्हींत सीझर नावाच्या वानराच्या उठावाचीच गोष्ट आहे. त्या फेरीत मॅकडोवल यांच्या रबरी चेहऱ्यातले डोळे आणि अँडी सर्किस यांच्या हालचालींवरून संगणकाने घडवलेला सीझर यांची तुलना करायची असेल, तर पहिल्या फेरीची वही सोबत ठेवावी आणि संयोजकाचे काम दुसऱ्या कोणाकडे सोपवावे.